ज्यांना चोरूनही शिकता येत नाही

मंडळी, रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जानेवारी २०१३ मध्ये तो आला आणि मराठी घरांत एक बरं झालं, आई-बाप आणि मुलं शेजारी शेजारी बसून थोडी अवघडली, थोडी हसली. चाळीतली मुलं आहेत. मोठी माणसं काहीतरी कुजबुजतात, मुलांना त्याचा अर्थ हवा असतो आणि कुणी सांगत नाही. मग थोडा थोराड, सगळं माहीत असल्याचा आव आणणारा एक मित्र भेटतो. पिवळ्या कव्हराचं पुस्तक येतं, मग रिकामं घर, मग व्हीसीआर. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

आम्हाला तो चित्रपट आवडतो. आज मात्र त्यातल्या एका गोष्टीकडे बोट दाखवायचं आहे. ती दिग्दर्शकाची चूक नाही, आपल्या सगळ्यांची सवय आहे. त्या मुलांचं जे काही शिक्षण होतं, बरंवाईट, ते कशाच्या जोरावर होतं ते बघा. जिने चढायला पाय आहेत, कॅसेट बघायला डोळे आहेत, कुजबुज ऐकायला कान आहेत. खिशात चार पैसे आहेत. घरातून दोन तास गायब झालं तरी कुणी शोधायला येत नाही. आणि मुख्य म्हणजे दोस्त आहेत. आता या टोळीतल्या एका मुलाला चाकाच्या खुर्चीत बसवा. दुसरीला ऐकू येत नाही असं समजा. तिसऱ्याला वाक्य चार वेळा सांगावं लागतं. चित्रपट पहिल्या दहा मिनिटांत बंद पडेल. त्या मुलाला कुणी बरोबरच घेणार नाही.

आजच्या विषयाचं मर्म आम्हाला इथे दिसतं. लैंगिक शिक्षण नको म्हणणारे लोक एक युक्तिवाद नेहमी करतात, ‘आम्हाला कुठे कुणी शिकवलं होतं? आलंच की सगळं आपोआप.’ आपोआप काही आलं नाही, बाबा. तुम्ही चोरून शिकलात. मोठ्या भावाच्या गादीखालच्या पुस्तकातून, वर्गातल्या मागच्या बाकावरून, आंब्याच्या झाडाखालच्या गप्पांतून शिकलात. म्हणजे आपला समाज जे मौन पाळतो ते चालतं या चोरीच्या भरवशावर. मौन वर, चोरी खाली, आणि दोन्ही मिळून गाडा कसाबसा पुढे जातो. ज्याला चोरी करताच येत नाही त्याच्या वाट्याला मात्र नुसतं मौन येतं, अगदी निव्वळ. आपल्याला वाटतं मौन सगळ्यांना सारखं असतं. तसं ते नाही. २००७ साली महाराष्ट्राने शाळांतला किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला, तेव्हा धडधाकट मुलांचं फारसं काही अडलं नाही, त्यांनी लवकरच मोबाइल शोधला. विशेष शाळेतल्या मुलांचं काय अडलं हे विचारायला कुणी गेलं नाही.

र. धों. कर्व्यांचं नाव अशा व्याख्यानात निघतंच. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना ते सरळ उत्तरं देत. त्यावरून खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. हे सगळं अभिमानाने सांगावं असंच आहे. पण कर्व्यांना प्रश्न विचारायलासुद्धा पत्र लिहिता यावं लागत होतं, ते कुणाला न दाखवता पेटीत टाकता यावं लागत होतं. ज्याचं पत्र लिहिणारा हात दुसऱ्याचा आहे, त्याने काय विचारायचं? आणि एक योगायोग. त्याच १९२७ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या कॅरी बक नावाच्या तरुणीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली. पुढे १९३३ मध्ये जर्मनीने तसाच कायदा केला. एकीकडे माणसाला आपल्या शरीराचं ज्ञान असावं म्हणून एक गणिताचा प्राध्यापक नोकरी घालवून बसला होता, आणि दुसरीकडे काही माणसांना शरीरच असू नये असं न्यायाधीश ठरवत होते. संततिनियमनाच्या त्या काळच्या जागतिक चळवळीत हे दोन्ही प्रवाह मिसळलेले होते, हे आपण कर्व्यांचा जयजयकार करताना विसरू नये.

आता ‘हे सगळं अमेरिकेत, जर्मनीत’ असं कुणी म्हणेल, म्हणून शिरूरला येऊ. पुणे जिल्ह्यातलं शिरूर. तिथे मतिमंद मुलींचं शासकीय वसतिगृह होतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं गेलं आणि त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. त्यांना कुठला आजार नव्हता. कारण देण्यात आलं ते असं की पाळीच्या वेळची स्वच्छता या मुलींना जमत नाही. पुण्या-मुंबईच्या स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर आले, वृत्तपत्रांतून गदारोळ झाला, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. जे झालं होतं ते झालंच होतं.

या प्रकरणावर बरंच लिहिलं गेलं. आम्ही त्यातल्या युक्तिवादाकडे बघतो, कारण आयुष्यभर आम्ही तेवढंच शिकवलं, वाक्यातून वाक्य नीट निघतंय का ते बघायला. ‘मुलीला पाळी सांभाळता येत नाही, म्हणून गर्भाशय काढा.’ मधलं एक वाक्य गळलंय. तिला पाळी सांभाळायला कुणी शिकवलं होतं का? जी मुलगी हाताने जेवायला शिकते, संडासला जायला शिकते, तिला घडी बदलायलाही शिकवता येतं. वेळ लागेल. महिनोन् महिने तीच कृती, त्याच क्रमाने, बाहुलीवर, मग कपड्यावर लाल रंग टाकून, मग प्रत्यक्ष. काहींना तरीही जमणार नाही, त्यांना मदतीला माणूस लागेल, जसा आजारी म्हातारीला लागतो. म्हातारीला कपडे खराब होतात म्हणून आपण तिचा अवयव काढत नाही. दुसरा युक्तिवाद दबक्या आवाजातला होता, की निदान गर्भ तरी राहणार नाही. याचा अर्थ नीट ऐका. अत्याचार होईल हे गृहीत धरलंय, फक्त त्याचा पुरावा राहू नये एवढी व्यवस्था केलीय.

आणि भीती खोटी नव्हती, हेही तितकंच खरं. ते आपल्याच रायगड जिल्ह्यात दिसलं. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका बालगृहात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले, उच्च न्यायालयाने लक्ष घातलं, २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. तेव्हा आई म्हणते ना, ‘मी हिला डोळ्यांआड होऊ देत नाही’, ती वेडी नाही. पण डोळ्यांसमोर ठेवणं हा उपाय कुठवर पुरणार? आईचे डोळे मिटल्यावर काय? आणि अत्याचार करणारा अनेकदा आईने विश्वासाने नेमलेलाच असतो. मुलीपाशी स्वतःचं काही असायला हवं. पहिली गोष्ट म्हणजे शब्द.

शब्दांचं बघा. मराठीत पाळीला काय म्हणतात? ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची’, ‘अडचण’, ‘बाजूला बसलीय’. आपल्याला कळतं, कारण आपण आडून बोलणं लहानपणी आपसूक शिकतो. पण जिला शब्द जसाच्या तसा समजतो, तिला ‘कावळा शिवला’ म्हणाल तर ती छपराकडे बघेल. मुलग्यांचं तर विचारू नका, झोपेत वीर्य गेलं की त्याचं नावच ‘स्वप्नदोष’. निसर्गाने काही दिलं, तर त्याच्या नावातच आपण दोष घातला! आणि अवयवांना? बाळपणी एक लाडाचं नाव असतं, मोठेपणी शिवी असते, पुस्तकात संस्कृत असतं. रोज वापरायचा, नीट, साधा शब्द घराघरात नाही. एखाद्या मुलीने पोलिसांसमोर सांगायचं असेल की कुणी कुठे हात लावला, तर ती काय म्हणेल? ‘तिथे’? ‘पॉक्सो’ म्हणजे २०१२ च्या कायद्यात अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन मुलावर केलेला अत्याचार अधिक गंभीर धरलाय, जबाब घेताना विशेष शिक्षकाची, दुभाष्याची मदत घेता येते. चांगला कायदा आहे. पण मुलीपाशी शब्दच नसेल, किंवा बहिऱ्या मुलीला त्या अवयवाची खूणच कुणी शिकवली नसेल, तर दुभाष्याने भाषांतर कशाचं करायचं?

तिसऱ्या एका चित्रपटावर थोडं थांबायचंय, म्हणजे मराठी माणसाने त्याच्यावर जितकं बोलायला हवं होतं तितकं बोललं गेलं नाही. शोनाली बोस यांचा ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’. २०१५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. तिसरा म्हणालो, कारण दुसरा सांगायचा राहिला, तो आधी सांगतो. ‘चौकट राजा’, १९९१, दिलीप प्रभावळकरांचा नंदू. त्या भूमिकेने आपल्याला रडवलं, आणि खरं सांगायचं तर मतिमंद माणूस ‘माणूस’ आहे हे घराघरात पोचवलं. अभिनय थोरच. पण तो आपल्याला कसा आवडला? मोठ्या माणसाच्या अंगातलं मूल म्हणून. निरागस म्हणून. आपण टाळ्या वाजवल्या त्या निरागसतेला. तिथून आपण घरी एक समजूत घेऊन आलो, की असा माणूस म्हणजे कायमचं लेकरू, देवाघरचं. पुढे सरकारी कागदांतही ‘दिव्यांग’ शब्द आला. दिव्य अंग! ज्याचं अंग दिव्य, त्याला भूक लागते इथवर आपण कबूल करतो, वासना मात्र नाही.

‘मार्गारिटा’मधली लैला ही समजूत मोडते. सेरेब्रल पाल्सी असलेली, चाकाच्या खुर्चीतली, दिल्लीत कॉलेजात शिकणारी हुशार मुलगी. तिला मुलगे आवडतात, पुढे एक मुलगीही आवडते. तिची आई मराठी आहे, लैला तिला ‘आई’च म्हणते, रेवतीने ती भूमिका फार समजून केलीय. मुलीला न्हाऊ-माखू घालणारी, तिच्यासाठी राबणारी आई. मुलगी संगणकावर काय बघते हे तिला कळतं आणि ती हादरते. आम्हाला हा प्रसंग चित्रपटाचा कणा वाटतो. जिने जन्मभर या शरीराची सेवा केली, तिलाच ते शरीर अनोळखी निघतं. आई दुष्ट असती तर सोपं होतं. पुढे मुलगी सांगू पाहते की आपल्याला स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण आहे. त्यासाठी ती वापरते तो इंग्रजी शब्द, ‘बाय’, आईच्या कानाला ‘बाई’ असा लागतो, आणि आई घरकामाच्या बाईबद्दल बोलू लागते! हशा पिकतो. आम्हीही हसलो. पण त्या विनोदात आपल्या भाषेची सगळी अडचण आलीय.

आमची तक्रार वेगळी आहे. लैलाला एकांत मिळतो तो न्यू यॉर्कला गेल्यावर. शिष्यवृत्ती, दुसरा देश, दुसरी भाषा. आपल्या नागावच्या लैलाने काय करायचं? आणि लैलाची बुद्धी शाबूत आहे, ती इंग्रजीत आपली बाजू मांडू शकते, म्हणून प्रेक्षक तिचं म्हणणं ऐकतो. शिरूरच्या मुलीपर्यंत हा चित्रपट पोचत नाही. तो प्रश्न त्याने घेतलेलाच नाही. शिवाय भूमिका अपंग नसलेल्या नटीने केली, ती उत्तम केली, तरी एवढं नोंदवावं लागतं.

तर शिरूरच्या मुलीचा प्रश्न. तिथे नेहमी ‘मानसिक वय’ पुढे येतं. शरीर सव्वीस वर्षांचं, मानसिक वय सहा. हे मोजमाप मुळात शाळेसाठी, कुणाला किती मदत लागेल ते ठरवण्यासाठी होतं. पुढे उपमेचा निवाडा झाला. सहा वर्षांच्या मुलाला दाढी येत नाही, पाळी येत नाही, पंचवीस वर्षांच्या आठवणी नसतात. सव्वीस वर्षांची बाई सहा वर्षांची कधीच नसते. ती सव्वीस वर्षांची बाई असते, जिला काही गोष्टी समजायला अवघड जातात. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१७ मध्ये हाच प्रश्न आला होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका प्रौढ स्त्रीला, मानसिक वय कमी असल्यामुळे, ‘पॉक्सो’खाली बालक मानावं अशी मागणी होती, तीही तिच्या संरक्षणासाठी, तिच्या आईकडून. न्यायालयाने नकार दिला, वय म्हणजे जन्मापासूनचं वय. वाचताना आधी मन खट्टू होतं. पण विचार करा, एकदा ‘बालक’ ठरलं की तिच्या संमतीला जन्मभर किंमत शून्य. संरक्षण पूर्ण, आयुष्य रद्द. त्याआधी २००९ मध्ये, चंडीगडच्या एका आश्रयगृहातल्या मुलीच्या बाबतीत, तिच्यावर अत्याचार होऊन गर्भ राहिला होता, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सौम्य मतिमंदत्व आहे म्हणून तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही. ती मूल हवं म्हणत होती. आम्हाला हा निकाल पचायला जड गेला हे कबूल, पण तिला विचारलं गेलं, ही गोष्ट शिरूरपासून फार लांबची आहे.

आणि २०१६ चा कायदा तर स्पष्ट आहे. अपंग व्यक्तीला प्रजननाबद्दल, कुटुंब नियोजनाबद्दल योग्य माहिती मिळाली पाहिजे, आणि तिच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्य करणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनाचं चार टक्के केलं. ती चार टक्के सगळ्यांना ठाऊक आहेत. पहिलं कलम कुणाला ठाऊक आहे? अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला आपण अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात खेटे घालतो, किती टक्के ते लिहून मिळतं. त्या सगळ्या खेपांत मुलीला पाळीबद्दल कुणी काही सांगतं का? आपल्या परंपरेने चार पुरुषार्थ सांगितले. अपंग माणसाला आपण धर्म दिला, म्हणजे त्याला दान करून आपण पुण्य घेतलं. थोडा अर्थ दिला. मोक्ष तर आधीच दिलाय, देवाघरचंच लेकरू ते. उरला काम, तेवढा आपण परस्पर ठेवून घेतला.

शिकवायचं म्हणजे काय, हा प्रश्न मग येतो. शाळांतून ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवतात. ‘चड्डीच्या आत कुणी हात लावायचा नाही.’ सोपा नियम. पण ज्या मुलाला रोज दुसऱ्याने न्हाऊ घालावं लागतं, कपडे बदलावे लागतात, त्याच्या बाबतीत हा नियम सकाळी सात वाजताच मोडतो. मग त्याने काय समजायचं? त्याला वेगळा नियम हवा. कोण, कशासाठी, किती वेळ, आणि आधी सांगून. ‘आता मी साबण लावतेय’ असं दर वेळी म्हणायचं. जो न सांगता हात लावेल, किंवा कामापेक्षा जास्त रेंगाळेल, तो चुकतोय. हे शिकवता येतं, पण त्यासाठी घरातल्यांनी आधी स्वतः ते पाळावं लागतं. आपण काय करतो? फिजिओथेरपिस्ट, नर्स, मावशी, येणारा-जाणारा, सगळे त्या मुलाला विचारल्याविना हात लावतात. गालगुच्चे घेतात, वयाच्या विसाव्या वर्षीसुद्धा! आणि जो निमूट करू देतो त्याला ‘शहाणं बाळ’ म्हणतात. नकार देणं हे आपण त्याच्यातून अठरा वर्षं पद्धतशीर काढून टाकतो, आणि मग विचारतो, याने आरडाओरडा का नाही केला?

मुलग्यांबद्दल आई-वडील जास्त घाबरून विचारतात. मुलगा ओटीवर, चारचौघांत, चड्डीत हात घालतो. लोक हसतात, कुणी मारतं, कुणी डॉक्टरांकडे नेऊन गुंगीची गोळी मागतं. काही घरांत मग ठरतं, लग्न करून देऊ, होईल शांत. त्या परक्या मुलीवर हा केवढा अन्याय, हे सांगायला नको. मुलगा काही वाईट करत नाहीये. तो बरोबर गोष्ट चुकीच्या जागी करतोय, कारण जागा नावाची गोष्ट त्याला कुणी दिलेली नाही. खासगी आणि सार्वजनिक हा फरक त्याने शिकावा कसा, ज्याच्या आयुष्यात खासगी असं काही नाहीच? तो पडवीत झोपतो, सगळ्यांसमोर कपडे बदलतो, त्याच्या न्हाणीघराचं दार उघडं असतं. आणि आपलं गाव तर पर्यटनाचं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची जोडपी येतात, आपण वाडीतली खोली देतो, ओळखपत्र बघतो, चहा-पोहे, माशांचं जेवण देतो. त्यांच्या एकांताची आपण किती काळजी घेतो, पडदे लावतो, वाडीला झावळ्यांचा आडोसा करतो! घरातला तो मुलगा हे सगळं बघत असतो.

त्यामुळे कुणी आम्हाला विचारलं की सुरुवात कुठून करायची, तर आम्ही पुस्तक सांगत नाही. पुस्तकं आहेत, पुण्याच्या ‘तथापि’सारख्या संस्थांनी शरीरसाक्षरतेचं काम मराठीत केलंय, विशेष शिक्षकांना ते वापरता येईल. आम्ही आधी न्हाणीघराच्या कडीबद्दल विचारतो. बहुतेक घरांत ती उभ्या माणसाच्या खांद्याइतकी उंच असते. खुर्चीत बसलेल्या, किंवा घसरत जाणाऱ्या मुलीचा हात तिथे पोचत नाही. तिला खाली, गुडघ्याच्या वर एक कडी लावून द्या. आतून लागेल, आणि फिट आली, पडली, तर बाहेरून नाण्याने उघडेल अशी मिळते, अलिबागच्या बाजारात मिळायला हरकत नाही. घरातल्या सगळ्यांना सांगा, कडी लावलेली असली की दार वाजवायचं, आतून ‘हो’ आलं की मगच आत जायचं. मुलगी बोलत नसेल तर आत एक घंटी ठेवा. आजीला हे पटायला आठवडा लागेल. मुलीला बहुधा एक दिवस.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.